दुसरी पट्टी

"हिच्यापरीस सिस्टर बरी. ही तर मानसाच्या तोंडाकडं बी बगत न्हाई."

पडद्यापलीकडून हे आलं तेव्हा मी जेलीच्या बाटलीला झाकण लावत होते. बोलणारा म्हातारा पेशंटचा थोरला दीर होता. पांढरा फेटा, मांड्यांवर आडवी काठी. मला ऐकू जात नाही, किंवा गेलं तरी कळत नाही, असं त्याला वाटलं असावं. पुष्कळांना वाटायचं. मी वळले नाही. मनात म्हटलं — तुमच्या तोंडात बघण्यासारखं आहे तरी काय?

असं मी मनात म्हणायची. रोज म्हणायची, प्रत्येक पेशंटला म्हणायची, आणि चेहरा मात्र शांत ठेवायची. त्यालाच सगळे लाजाळूपणा म्हणायचे.

इथून सुरुवात केली कारण कुठून तरी करायला हवी. पुढचं मी कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही. एकदा चार-पाच वाक्यं मोठ्यानं बोलले होते, पण त्यांत काय घडलं एवढंच होतं. का घडलं, ते गिळून टाकलं होतं. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्याशी बोलणं सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं ते नाही, हे आत्ताच कळतंय.

हिंगोली जिल्हा होऊन दोनेक वर्षं झाली होती. गावात नव्या पाट्या लागत होत्या, आणि त्यातली एक आमच्या डॉक्टरांची होती — सहा खाटा, एक मॉनिटर, एक ईसीजीचं मशीन. मी शिकले नांदेडला, मावशीकडे राहून, इंग्रजी शाळेत. तिथे मराठीत बोललं की वर्गाबाहेर उभं करायचे. मी कधी बाहेर उभी राहिले नाही. मेडिकलला नंबर लागला नाही, बीएस्सी करून घरी आले, आणि वडिलांनी ओळखीनं या दवाखान्यात चिकटवून दिलं. लग्न जमेपर्यंत पोरगी घरात नुसती बसायला नको, एवढाच विचार.

डॉक्टरांना मात्र बाई हवीच होती. खेड्यातल्या बायका कंपाउंडरसमोर चोळी सोडत नाहीत, आणि चोळी सोडल्याशिवाय छातीची ईसीजीची पट्टी निघत नाही. म्हणजे मला तिथं ठेवलं होतं ते या एकाच कामासाठी. बाकी सगळं इतरांना येत होतं.

पट्टी कशी वाचायची ते डॉक्टरांनीच शिकवलं. हृदयाचा झटका आलेल्या माणसाच्या पट्टीत ठोक्यानंतरची रेघ खाली यायच्या ऐवजी वरच राहते, टेकाडासारखी. मग गुठळी विरघळवणारं औषध सलाईनमधून तासभर सोडतात. औषध सुरू झाल्यापासून दीड तासानं दुसरी पट्टी काढायची. टेकाड निम्म्याहून खाली बसलं असेल तर रक्तवाहिनी उघडली, माणूस बहुतेक सावरणार. बसलं नसेल तर वाट बघायची नाही. गाडीत घालायचं, नांदेडला पाठवायचं, तिथून लागलंच तर हैदराबादला. "पेशंट काय म्हणतो ते मागून ऐक," डॉक्टर सांगायचे. "आधी दोन्ही पट्ट्या शेजारी ठेव." पण त्या दोन्ही अगदी त्याच जागांवरून काढलेल्या हव्यात. मशीनच्या वायरचा रबरी फुगा छातीवर बोटभर सरकला तरी टेकाडाची उंची बदलते. म्हणून त्यांचा नियम होता — पहिल्या वेळी छातीवर जिथे जिथे हे फुगे चिकटवले, तिथे निळ्या बॉलपेननं ठिपके करायचे. सहा जागा, सहा ठिपके. हे काम मला उत्तम यायचं. बरगड्या मोजून जागा शोधण्यात माझा हात डॉक्टरांपेक्षाही चांगला होता, असं ते स्वतः म्हणायचे. म्हणजे मला येत नव्हतं, असं म्हणायची सोय मला नाही.

गिरजाबाईंना सेनगावकडच्या एका खेड्यातून जीपनं आणलं होतं. पन्नाशीच्या असतील. घरात शेरडं-मेंढरं, थोडी शेती. सकाळी मेंढरांमागे असतानाच छातीत कळ आली आणि त्या बांधावर बसल्या, ते उठल्याच नाहीत. सोबत मुलगा नामदेव, तो थोरला दीर, आणखी दोन-तीन पुरुष, आणि सून मथुरा. मथुरा साधारण माझ्याच वयाची. हे मला तेव्हा जाणवलं नाही. त्या माणसांना वय असतं असं मला वाटतच नसे.

पहिली पट्टी मी नीट काढली. सिस्टर हजर होत्या, त्यांनी सगळ्या पुरुषांना "चला, बाहेर व्हा" म्हणून पडद्याबाहेर काढलं. मथुरानं सासूची चोळी सोडली. घाम, धुळीचा वास, मेंढरांचा वास, मिश्रीचा वास. मी तोंडानं श्वास घेत होते. फुगे लावले, पट्टी काढली, ठिपके केले. टेकाडं चांगली उंच होती, छातीच्या पुढच्या भागातला मोठा झटका. डॉक्टरांनी औषध सुरू केलं आणि मला सांगितलं, दीड तास, घड्याळाकडे लक्ष ठेव.

मग पुरुष आत आले. ठिपके त्यांनी पाहिले नव्हते, पण मथुरानं नवऱ्याला हळूच सांगितलं आणि ते थोरल्या दिरापर्यंत पोचलं. तो म्हणाला, "म्हंजी मेंढरावानी ठिपकं मारलं म्हना की. आता कुटल्या बी कळपात सोडा, वळखू येती." सगळे हसले. गिरजाबाईसुद्धा पदराआडून किंचित हसल्या, तेवढ्या कळेत. मी हसले नाही. मला त्यांचं हसणंही अडाणी वाटलं.

पण एक सांगते. हसून झाल्यावर मथुरानं त्या ठिपक्यांना जपलं. औषधाबरोबरच डॉक्टरांनी छातीवर ताईतासारखं काही बांधून ठेवलंय, असा तिचा समज झाला असावा. चोळी तशीच सुटी होती, वरून पदर झाकलेला. गिरजाबाई घामानं भिजल्या होत्या आणि मथुरा कपाळ, गळा, हात पुसत होती. पण छातीपाशी आली की फडकं उचलून धरायची. पदर अंगाला चिकटून ठिपके पुसू नयेत म्हणून दोन बोटांनी तो वर धरून ठेवत होती. दीड तास. नामदेवनं पाणी पाजायला म्हणून हात पुढे केला तर त्यालाही म्हणाली, "जपून, ठिपके हायेत." मी स्टुलावर बसून हे सगळं पाहत होते. माझी नजर चांगली आहे. मला सगळं दिसतं. दिसलेल्याचं मी पुढे काय करते, तो प्रश्न वेगळा.

दीड तास झाला तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते. सिस्टर मागच्या खोलीत डबा खायला गेल्या होत्या. डॉक्टर ओपीडीत. खोलीत पाच पुरुष. थोरला दीर खाटेच्या अगदी उशाशी स्टूल ओढून बसलेला. दिरासमोर गिरजाबाईंनी डोक्यावरचा पदरसुद्धा ढळू दिला नव्हता, मग छातीवरचा कसा ढळू देतील? पुरुषांना बाहेर काढायला हवं होतं. दोनच शब्द लागत होते — बाहेर थांबा. सिस्टर ते दिवसातून वीस वेळा म्हणायच्या.

मी ते म्हणाले नाही.

का? वर्षानुवर्षं मी स्वतःला सांगत आले की मी लाजले. माझी मराठी पुस्तकी होती, मी "आपण कृपया" वगैरे म्हणायची आणि ही माणसं एकमेकांकडे बघून हसायची. पाच अनोळखी पुरुषांना हुकूम सोडायचा आणि त्या म्हाताऱ्यानं पुन्हा काहीतरी बोलायचं, याची मला भीती वाटली. हे सगळं खरं आहे. पण ते पुरेसं नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं. भीती वाटली असती तर मी सिस्टरना हाक मारली असती. मागची खोली दहा पावलांवर होती. त्याबद्दल पुढे सांगते. आधी काय केलं ते सांगून टाकते.

मी मशीन ओढलं. हातापायांना चिमटे लावले. मग पदर न उचलता, कमरेच्या बाजूनं हात आत घातला आणि सहाही फुगे हाताला लागेल तिथे चिकटवले. खाली, बरगड्यांच्या टोकाशी, काही तर पोटावरच.

मथुरा जवळच उभी होती. ती वाकली आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "ताई, पदर उचलू का? ठिपके वर हायेत."

मी म्हणाले, "मला माहीत आहे."

तिची मान लगेच खाली गेली. मला आठवतंय, त्या क्षणी मला राग आला होता. मेंढरं राखणारी बाई मला फुगे कुठे लावायचे ते शिकवते? खरं तर त्या खोलीत त्या वेळी ईसीजी जाणणारी एकच व्यक्ती होती, आणि ती मी नव्हते.

पट्टी निघाली. टेकाडं खाली बसलेली. बसणारच — मी छातीवरून काढलीच नव्हती, तर टेकाडं दिसणार कुठून? फुगे काढले. जेली ओघळत होती. मी कापसाचा बोळा मथुराच्या हातात दिला आणि म्हणाले, "आता सगळं पुसून टाका. ठिपके पण. झालं काम." तिनं एकदा विचारलं, "पुसू?" मी मान हलवली. तिनं पुसलं. इतकं हळू, की मला कंटाळा आला.

डॉक्टरांनी दोन्ही पट्ट्या टेबलावर शेजारी ठेवल्या. त्यांचा चेहरा उजळला. "खुणांवरच लावलंस ना?" त्यांनी विचारलं, सवयीनं, वर न पाहता.

मी म्हणाले, "हो सर."

दोन शब्द. बाहेर थांबा हे दोन शब्द तोंडातून निघाले नाहीत, हे दोन मात्र किती सहज निघाले. डॉक्टर स्वतः बाहेर आले आणि त्यांनी सगळ्यांना सांगितलं, औषध लागू पडलंय, नस उघडली, आता काळजी नाही. नामदेव त्यांच्या पाया पडला. थोरल्या दिरानं काठी टेकून मान डोलावली. गाडी बोलवावी लागली नाही. गिरजाबाई मात्र अजून छाती दुखतेय म्हणत होत्या. डॉक्टर म्हणाले, थोडं दुखणारच. पट्टीनं सांगितलं होतं ना — मग पेशंटचं कोण ऐकतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरजाबाईंना धाप लागली. पायांवर सूज. डॉक्टरांनी स्वतः बरगड्या मोजून तिसरी पट्टी काढली. टेकाडं पहिल्या पट्टीइतकीच उंच. त्यांनी तिन्ही पट्ट्या हातात घेतल्या, एकेक करून पाहिल्या, आणि मग माझ्याकडे बघितलं. खोलीत तीच सगळी माणसं होती.

"काल दुसरी कुठून काढलीस?"

मी इंग्रजीत उत्तर दिलं. हे मला मुद्दाम नोंदवायचं आहे. डॉक्टरांनी मराठीत विचारलं होतं. मी इंग्रजीत म्हणाले, सर, खुणा राहिल्या नव्हत्या, सुनेनं आधीच पुसून टाकल्या होत्या, म्हणून मी अंदाजानं लावलं. शाळेत आम्हाला सांगायचे की या भाषेचा पुढे आयुष्यात उपयोग होईल. झाला. इतक्या माणसांच्या तोंडावर, त्यांच्यातल्याच एकीबद्दल, मला निवांतपणे खोटं बोलता आलं.

डॉक्टर मथुराकडे वळले. "ठिपके तू पुसलेस?"

"व्हय. म्याच पुसलं." तिला त्यात काही लपवण्यासारखं वाटलं नाही. "पर ताईनीच कापूस देला, म्हनल्या पुसा."

डॉक्टरांनी पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा इंग्रजीत म्हणाले, मी तसं काही सांगितलं नाही, तिचा गोंधळ झालाय. डॉक्टर मला एवढंच म्हणाले, की मग कालच सांगायला हवं होतंस. तेही इंग्रजीत, हळू आवाजात, घरातल्या मुलीला बोलावं तसं. त्यांना माझं पटलं. का पटणार नाही? आम्ही दोघं एका बाजूचे होतो. आणि त्यांनाही कुणीतरी हवंच होतं — काल पेशंट दुखतंय म्हणत असताना ज्यांनी छातीवरचा पदर दूर करून पाहिलं नाही, त्यांत तेही होते.

मग ते मराठीत मोठ्यानं म्हणाले, "ते ठिपके राहिले असते तर कालच कळलं असतं. कालच नांदेडला पाठवलं असतं."

संपलं. त्या घराला एवढं एक वाक्य पुरलं. थोरल्या दिरानं मथुराकडे पाहिलं, आणि नामदेवनं पाहिलं, आणि खाटेवरून धापा टाकत गिरजाबाईंनी पाहिलं. मथुरानं माझ्याकडे पाहिलं. ठिपके वर आहेत असं आपण ताईंना सांगितलं होतं, हे ती बोलली नाही. का बोलली नाही? मी पुष्कळ विचार केला. शिकलेल्या बाईला माहीतच असणार, ती म्हणाली ना मला माहीत आहे म्हणून — असं तिनं तेव्हाच मानून टाकलं असेल. माझ्यावर इतका विश्वास नंतर कुणी ठेवला नाही.

गिरजाबाई नांदेडहून दहा-बारा दिवसांनी परत आल्या. जिवंत होत्या, पण हृदयाचा मोठा भाग गेला होता. महिन्यातून एकदा तपासणीला यायच्या. चार पावलं टाकली की थांबायच्या. मेंढरांमागे जाणं बंद, पाणी शेंदणं बंद, नुसतं दारात बसणं. पट्टी मीच काढायची. त्या माझ्या हाताला हात लावून म्हणायच्या, लई मायेनं करतीस. मायेनं! मी तेव्हाही तोंडानंच श्वास घेत होते.

त्यांच्यासोबत दर वेळी त्यांची जाऊ यायची, कधी नणंद. मथुरा असायची, पण फाटकापाशी, चपला सांभाळत. एकदा पायरीवर गिरजाबाईंचा तोल गेला आणि मथुरा धावत आली, तर जावेनं तिला हातानंच अडवलं. "तू ऱ्हाऊ दे. तुजा हात नगं." इतक्या साध्या आवाजात, की ते रोजचंच असणार. तिनं भाकरी थापायची, धुणं धुवायचं, मेंढरांचं सगळं बघायचं. पण सासूच्या अंगाला हात लावायचा नाही, पाय चेपायचे नाहीत, तेल लावायचं नाही. तिच्या हातानं पुसलं गेलं होतं ना. गिरजाबाई दीड वर्षानं गेल्या. शेवटची आंघोळसुद्धा मथुराला घालू दिली नाही, हे मला नामदेवनं सांगितलं, औषधाच्या उरलेल्या गोळ्या परत करायला आला तेव्हा. सांगताना तो तक्रार करत नव्हता. बायकोला कसं शिस्तीत ठेवलं ते सांगत होता.

डॉक्टरांना मी एकदा आडून विचारलं होतं. वेळेवर पाठवलं असतं तर फरक पडला असता का? ते म्हणाले, सांगता येत नाही. त्या 'सांगता येत नाही'च्या आधारावर मी तीन वर्षं जेवले, झोपले, हळदीकुंकवाला गेले. गिरजाबाईंचं सांगता येत नसेल. मथुराचं तर सांगता येत होतं?

आता ते कारण. सिस्टरना हाक का मारली नाही?

मला त्या बाईला हात लावायचा नव्हता. एवढंच आहे. सकाळी एकदा लावला होता, पुन्हा नको होता. तो जड, ओला, काळवंडलेला देह उचलून त्याखाली फुगा लावायचा — मला किळस येत होती. सिस्टर आल्या असत्या तर पुरुष बाहेर गेले असते, पदर दूर झाला असता आणि मला ते करावं लागलं असतं. पुरुष खोलीत आहेत ही माझी अडचण नव्हती, ती माझी सोय होती. डॉक्टरांची मावशी असती, बँकेतल्या साहेबांची बायको असती, तर मी लाजत-लाजत का होईना पाच पुरुषांना बाहेर काढलं असतं. ही बाई तेवढ्या तसदीच्या लायकीची मला वाटली नाही. पट्टी चुकीची निघाली तर काय होईल हे मला माहीत होतं — डॉक्टरांनी दहा वेळा शिकवलं होतं. माहीत असून मी तो धोका तिच्या वाट्याला दिला, कारण ती त्यांच्यातली होती. लाजाळू! माझ्या स्थळाच्या पत्रिकेबरोबर जो कागद फिरत होता, त्यात वडिलांनी लिहिलं होतं, स्वभाव शांत व लाजाळू. मी तो वाचला आणि परत घडी घालून ठेवला.

तीन वर्षांनी तो थोरला दीर आला. झटका त्यालाही आला होता. तोच दवाखाना, तेच औषध, तेच सहा ठिपके. तोवर माझं लग्न ठरलं होतं; मुलगा पुण्याचा. राजीनामा दिलेला, आठ दिवस उरले होते. हे सांगायला हवं. पुढे मी जे केलं त्याला तुम्ही धैर्य समजू नये. माझ्याकडून हिरावून घेण्यासारखं तिथे कुणाला काही उरलंच नव्हतं, तेव्हा मला कंठ फुटला.

पहिली पट्टी काढून मी बाहेर आले तर मथुरा व्हरांड्यात उभी होती, भाकरीचं गाठोडं घेऊन. आत जात नव्हती. तीन वर्षांत ती माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी झाली होती. तिनं मला ओळखलं, बरं चाललंय ना विचारलं. मग गाठोडं दुसऱ्या हातात घेऊन म्हणाली:

"ताई, एक इचारू? राग नका धरू. तवा तुमी मला पुसा म्हनलात, का न्हाई म्हनलात? लई दिस म्या घरात सांगून राहिले का ताईनीच सांगितलं. कुनी ऐकलं न्हाई. आता माजं मलाच वाटतं, म्याच मनानं पुसलं असंल. मला नीट याद बी येईना. तुमाला याद असंल, म्हून इचारलं."

ती मला जाब विचारत नव्हती. तिला खरंच माहिती हवी होती. तिच्या डोळ्यांसमोर घडलेली गोष्ट मी इतक्या नीट काढून घेतली होती, की आता मथुरा ती माझ्याकडेच मागायला आली होती. शिकलेल्या माणसाच्या लक्षात राहतं, म्हणून.

पट्टीची वेळ झाली, असं काहीतरी पुटपुटले आणि आत गेले. पट्टीला अजून तास होता. तो तास मी औषधांच्या खोलीत काढला. काय करत होते? कपाटातल्या बाटल्या सरळ लावत होते.

वेळ झाल्यावर आत गेले. म्हातारा सदरा उघडा टाकून पडला होता, त्याला कुठला पदर उचलायचा होता? सहाही फुगे ठिपक्यांवर लावले, एक केसभरही इकडेतिकडे नाही. पट्टी डॉक्टरांच्या हातात दिली. टेकाडं बसली होती. खोलीत डॉक्टर, सिस्टर, नामदेव, त्याचा चुलतभाऊ. नामदेव दाराकडे बघून सिस्टरना म्हणाला, "आमची बाई आलीय भायेर. तिला आत येऊ देऊ नका बरं का. ठिपके हायेत अजून." सिस्टर कौतुकानं हसल्या, केवढी काळजी म्हणून. दार उघडंच होतं. मथुरानं ऐकलं, आणि ती दोन पावलं मागे सरकली. तिला सवय होती.

मी मशीनची वायर गुंडाळत होते. ती खाली ठेवली. आवाज फार लहान निघाला, म्हणून डॉक्टरांनी "काय?" विचारलं आणि मला सगळं पहिल्यापासून पुन्हा म्हणावं लागलं, मराठीत, दारात उभ्या असलेल्या बाईपर्यंत पोचेल इतक्या मोठ्यानं:

"गिरजाबाईंची दुसरी पट्टी मी काढली, तेव्हा ठिपके जागेवर होते. मी पदर उचलला नाही. मथुराबाईंनी मला सांगितलं होतं, ठिपके वर आहेत म्हणून. पट्टी झाल्यावर कापूस मी दिला, आणि पुसा असं मीच म्हणाले. दुसऱ्या दिवशी सरांना मी जे इंग्रजीत सांगितलं, ते खोटं होतं."